ऐकू न येणारी भ्रामरी

६ मार्च

प्रिय मामा,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा सोडून. पण तो ठीक असल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. तुम्हाला फोन केला होता. एकदा मामीने घेतला आणि तुम्ही झोपलाय म्हणाली. नंतर तुम्ही स्वतः उचललात, "हॅलो, हॅलो" केलंत आणि ठेवून दिलात. लाइन खराब असेल. म्हटलं, लिहावंच. तसंही बोलायला लागले की मी मध्येच काहीतरी चेष्टा करून विषय बदलते. कागदावर तेवढं जमत नाही.

माझं काम तुम्ही कधी पाहिलेलं नाही, म्हणून आधी ते सांगते. क्रेन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे रस्त्यावरची, बिघडलेल्या गाड्या ओढणारी क्रेन येते. माझी तशी नाही. ती बंदराच्या कडेला उभी असते, दहा-बारा मजली इमारतीएवढी, आणि तिचा लांब हात जहाजाच्या वर जातो. त्या हाताखाली काचेची केबिन टांगलेली असते. तिथे मी बसते. पायाखालीसुद्धा काच. दोन्ही हातांत दोन दांडे आणि मान खाली घालून दिवसभर बघायचं: खाली जहाज, जहाजावर कंटेनर, कंटेनरच्या मधून फिरणारी माणसं. इतक्या वरून ती माणसं म्हणजे नुसती हेल्मेटं दिसतात. पिवळा ठिपका हलला की समजायचं, माणूस आहे.

मागच्या महिन्यात, दुपारची वेळ होती, भरलेला कंटेनर उचलून मी नेत होते आणि एकदम वाऱ्याचा झोत आला. अंदाज नव्हता, वाऱ्याचा इशारा देणारी घंटाही वाजली नाही. कंटेनर झोपाळ्यासारखा झुलला आणि जहाजाच्या कठड्यावर आदळला. खाली कंटेनरची कुलपं सोडणारा एक माणूस होता. तो दोन रांगांच्या फटीत अंग चोरून उभा राहिला. पिवळा ठिपका दिसेनासा झाला आणि मग पुन्हा दिसला. मधला वेळ किती होता ते मला विचारू नका.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. चौकशी झाली, माझी चूक नाही असं ठरलं. मुकादमाने पाठीवर थाप मारली. मी पुढचे काही दिवस नेहमीसारखी कामावर गेले. आणि मग एका सकाळी केबिनमध्ये बसले, दांडे धरले, खाली पाहिलं, आणि श्वास अडकला. आत येतोय, येतोय, पण बाहेर जाईना. हात बधिर, ओठांना मुंग्या. मला वाटलं, हार्ट अटॅक. पोटात दुखतंय सांगून खाली उतरले. त्यानंतर दोनदा तसंच झालं. आता मला खाली ठेवलंय, कंटेनरची सिलं तपासायला. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

तुम्ही वर्गात ते कान झाकून भुंग्यासारखं गुणगुणायला शिकवता ना, भ्रामरी, ते मला नीट लिहून पाठवाल? सुट्टीत तुमच्याकडे यायचे तेव्हा मी मागच्या रांगेत बसून नुसती खुदखुदत असायचे. तेव्हा शिकले असते तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

तुमची,
टिटवी

१५ मार्च

चि. टिटवी,

आशीर्वाद. तू मागच्या रांगेत नुसती खुदखुदायची नाहीस, तर शेजारच्या आजोबांना पण हसवायचीस. त्यांना मी दोनदा जागा बदलून दिली होती. तुला देता येत नव्हती, भाची पडलीस.

पत्र वाचलं. मामीलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरीला एवढ्या उंचावर बसायला कुणी सांगितलं होतं. मी तिला म्हटलं, टिटवी म्हणतात तिला, आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणारा पक्षी तो. तिला आभाळाच्या जवळच नोकरी मिळाली यात नवल काय. तर, उंचीची भीती पुष्कळांना असते. आमच्या वर्गात एक गवंडी येत असे, परांचीवर चढायला घाबरणारा. तो भ्रामरीने बरा झाला.

आता कृती. सकाळी पोट रिकामं असताना कर, किंवा जेवून बराच वेळ झाल्यावर. बैठक कुठलीही चालेल, मांडी घालून किंवा खुर्चीवर, पण पाठ ताठ. आडवं पडून करायचं नाही. खांदे कानाला टेकवू नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे. डोळे मिट. ओठ अलगद मिटलेले, आणि आत वरचे-खालचे दात एकमेकांना न लागलेले. ही दातांची गोष्ट लोक विसरतात आणि मग आवाज घशात कोंडतो.

कानाच्या भोकापुढे एक छोटी लवचिक पाकळी असते. तर्जनीने ती पाकळी हलकेच भोकावर दाब. बोट कानात घालायचं नाही. नाकाने श्वास घे, आणि सोडताना तोंड मिटलेलंच ठेवून "म्‌ऽऽऽ" असा आवाज काढ, भुंगा खोलीत शिरल्यासारखा. एकसारखा, मऊ. श्वास संपला की आवाज संपला. पुन्हा घे. पाच-सात वेळा पुरे. मग हात खाली घे आणि थोडा वेळ गप्प बस. ते गप्प बसणं हाच अर्धा व्यायाम आहे, ते खाऊन टाकू नकोस.

कान दुखत असेल, वाहत असेल, तर करू नकोस. चक्कर आली तर थांब.

आईला सांग. ती माझी बहीण आहे. लपवलेलं तिला वासावरून कळतं.

तुझा मामा

२४ मार्च

प्रिय मामा,

पत्र मिळालं त्याच दिवशी सुरू केलं. नवलाची गोष्ट म्हणजे आईला खरंच कळलं, पण वासावरून नाही. मी खोलीचं दार लावून "म्‌ऽऽ" करत होते, तर बाहेर ती फ्रिज ओढून त्याच्या मागे वाकून बघत होती. मग मिक्सर तपासला. मग मीटरच्या पेटीपाशी गेली. शेवटी माझं दार उघडून म्हणाली, "तुझ्या खोलीतून करंट येतोय." सगळं सांगावं लागलं. ती रागावली नाही. नुसती पलंगावर बसली आणि म्हणाली, "आणि तू इतके दिवस मला पोटदुखीचा काढा करायला लावत होतीस?"

पण मामा, जमत नाहीये. पहिल्या दिवशी मी मोठ्ठा श्वास घेतला, छाती फुगवून, आणि शेवटच्या थेंबापर्यंत गुणगुणत राहिले. तिसऱ्या वेळी डोळ्यांपुढे काजवे. म्हटलं कमी पडतंय, आणखी जोर लावला. मग तेच झालं, श्वास आत येतोय आणि जागाच नाही. म्हणजे ज्याच्यासाठी औषध घेतलं तेच औषधाने झालं.

आणि दुसरं. तुम्हाला वाईट वाटेल, पण तुमच्या त्या गवंड्याचं आणि माझं दुखणं एक नाही. मला उंचीची भीती नाही. कधीच नव्हती. त्या काचेवर पाय ठेवून मी डबा खाल्लेला आहे. मी पडेन असं मला एकदाही वाटलेलं नाही. माझ्या हातातून कुणावर तरी काहीतरी पडेल, ही ती गोष्ट आहे. खाली काम करतानासुद्धा कुणी पिवळं हेल्मेट काढून बाकावर ठेवलं की मी दुसरीकडे बघते.

हे लिहिताना हात ओला झालाय, म्हणून अक्षर असं आहे.

तुमचा वर्ग कसा चाललाय? ते आजोबा अजून येतात का?

टिटवी

२ एप्रिल

चि. टिटवी,

मी घाईने वाचलं आणि घाईने हसलो. गवंड्याची गोष्ट सांगायला नको होती. तुझं दुखणं वेगळं आहे, आणि ते चांगल्या माणसाचं दुखणं आहे. ज्याला खालच्या माणसाची पर्वा नाही, त्याचा श्वास अडकत नाही.

पहिली गोष्ट. तुमच्या कामावर डॉक्टर असेल. त्याला जाऊन जसंच्या तसं सांग, हात बधिर झाले, ओठांना मुंग्या आल्या, सगळं. हृदय तपासून घे. मी श्वास शिकवणारा माणूस आहे, छाती तपासणारा नाही. आणि डॉक्टर म्हणाला की मनाच्या डॉक्टरशी बोल, तर बोल. त्यात कमीपणा नाही.

दुसरी. चूक तुझी नाही, माझ्या पत्राची आहे. "श्वास घे" असं मी लिहिलं आणि तू तो घेतलास, विहिरीत बादली सोडल्यासारखा. घाबरलेल्या माणसाच्या छातीत श्वास आधीच जास्त झालेला असतो. त्याला आणखी कशाला भरायचा? म्हणून आता असं कर. बसल्यावर आधी नुसता उसासा सोड. तू लहान असताना सुट्टी संपून घरी जायच्या दिवशी सोडायचीस तसा. मग श्वास आपला आपण जेवढा आत येईल तेवढाच येऊ दे. मोठा नको, छान नको, साधा. त्याच्यावर गुणगुण. आणि शेवटच्या थेंबापर्यंत जाऊ नकोस. थोडा शिल्लक असतानाच आवाज सोडून दे. मोठ्याने नको, शेजारच्या खोलीत मूल झोपलंय आणि ते उठू नये, इतपत. तुझ्या आईला फ्रिज ओढायला लागला म्हणजे फारच झालं.

तीन वेळा झालं तरी खूप आहे. पण रोज कर, विशेषतः बरं वाटत असेल त्या दिवशी. पोहायला बुडताना शिकत नाहीत.

आणि हे लक्षात ठेव: बोटांशिवायही करता येतं. हात कामात असतील तर नुसती गुणगुण पुरे. कुणाला कळणारही नाही.

मामीने काढ्याची गोष्ट पुन्हा पुन्हा वाचली.

तुझा मामा

१९ एप्रिल

प्रिय मामा,

डॉक्टरांकडे गेले. पट्ट्या लावून छाती तपासली, हृदय ठणठणीत आहे. एका बाईंकडे पाठवलं आहे, आठवड्यातून एकदा जाते. त्या फारसं बोलत नाहीत, पण मी बोलते तेव्हा घड्याळाकडे बघत नाहीत. भ्रामरीचं सांगितलं तर म्हणाल्या, सोडू नका.

तुमच्या दुसऱ्या पत्राप्रमाणे करते आहे, आणि जमतंय. उसाशाने फरक पडला. पहिले काही दिवस तीनच वेळा. आता सकाळी आई पण शेजारी खुर्ची ओढून बसते. ती म्हणते गुडघ्यासाठी. तिचा आवाज माझ्यापेक्षा खाली लागतो, आणि कधी कधी दोघींचे आवाज असे एकमेकींत मिसळतात की कोण कुठे थांबलं ते कळत नाही. कामावरही क्रेनच्या पायथ्याशी, लिफ्टच्या मागे एक आडोसा आहे, तिथे उभी राहून करते. मुकादमाने एकदा पकडलं. म्हणाला, "गाणं म्हणतेस?" मी म्हटलं, "पाठ करतेय." त्याला ते पटलं.

एक गोष्ट झाली, ती तुम्हाला सांगायचीच होती. तो खालचा माणूस, ज्याच्यावर कंटेनर झुलला होता, तो डब्याच्या वेळी माझ्यासमोर येऊन बसला. सगळे त्याला मिशीवाले म्हणतात. इतके दिवस मी त्याला टाळत होते. तो जेवता जेवता म्हणाला, "तू वर का जात नाहीस?"

मी म्हटलं, "बरं नाही."

"माझ्यामुळे?"

"माझ्यामुळे," मी म्हटलं. "मी तुम्हाला मारलं असतं."

त्याने घास खाली ठेवला. म्हणाला, "मी खालून बघत होतो. कंटेनर माझ्याकडे येत होता आणि मग तू त्याच्या मागे हात नेलास, क्रेनचा हात, तो झुलत होता त्याच बाजूला. तेव्हा तो मंदावला. दुसऱ्या कुणी घाबरून उलटा दांडा ओढला असता. मी या कामात म्हातारा झालो, मला कळतं." मग घास उचलून म्हणाला, "मलाही झोप नव्हती बरेच दिवस. बायको म्हणाली, तिच्याशी जाऊन बोल."

मला हे ठाऊकच नव्हतं, मामा. की मी कंटेनरच्या मागे हात नेला. मला फक्त ठिपका नाहीसा झालेला आठवतो.

आता विचारू नये ते विचारते. परवा पुन्हा फोन केला. तुम्हीच घेतलात. मी म्हटलं, "मामा, मी टिटवी." दोनदा म्हटलं, ओरडून म्हटलं. तुम्ही "राँग नंबर" म्हणालात आणि ठेवलात. मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. मामा, मागच्या वर्षी मामीच्या ऑपरेशनला मला येता आलं नाही, त्याचा राग आहे का? आणि वर्गाचं विचारलं होतं, त्याचं तुम्ही काहीच लिहिलं नाही. राग असेल तर तसं लिहा. मला तो चालेल. हे असं नाही चालत.

पुढल्या महिन्याच्या शेवटी माझी चाचणी आहे. वर चढून, शिकवणाऱ्या साहेबांच्या समोर क्रेन चालवून दाखवायची. जमलं तर काम परत, नाहीतर कायमची खाली.

टिटवी

२७ मे

चि. टिटवी,

तुझं पत्र येऊन महिना उलटून गेला. रोज लिहायला बसत होतो. मामी म्हणाली, "तिला काय ते सांगा, नाहीतर मी सांगते." मामीने सांगितलं तर ती माझी बाजू घेऊन सांगेल, आणि ते मला नको होतं.

राग नाही ग. कसला राग. मला ऐकू येत नाही.

डावा कान तर जुनाच दगा देणारा. उजवा हिवाळ्यात गेला, सर्दीसारखं काहीतरी झालं, आणि मग गेलाच. आता समोर कुणी बोललं तर ओठ हलताना दिसतात आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा. फोनवर तर नुसती खरखर. त्या दिवशी फोन वाजला हे मला दिवा लुकलुकला म्हणून कळलं. बाई आहे एवढं समजलं. दोनदा तेच विचारायची लाज वाटली. राँग नंबर म्हणणं सोपं असतं. तू होतीस हे तुझ्या पत्रातून कळलं, आणि मी ते पत्र घेऊन उठून बाहेर गेलो, मामीसमोर वाचवेना.

वर्गाचं विचारलंस. वर्गात मी जात नाही. तुला माहीत आहे मी कसा शिकवायचो. डोळे मिटून रांगांतून फिरायचो आणि कान देऊन असायचो. कोण श्वास ओढतोय, कोण चोरतोय, कुणाचं नाक चोंदलंय, कोण दात आवळून गुणगुणतोय, मला न बघता कळायचं. लोक म्हणायचे, मास्तरांना पाठीमागे कान आहेत. तेवढीच माझी विद्या होती. एका सकाळी भ्रामरी चालू होती. मी पुढे बसून डोळे मिटले, करत राहिलो, करत राहिलो. डोळे उघडले तेव्हा सगळे कधीचे थांबलेले होते. अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता. मी एकटाच गुणगुणत होतो. आणि कुणीही मला थांबवलं नव्हतं, सगळे फार चांगले लोक आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला पाहवलं नाही. चटई गुंडाळून घरी आलो. आता वर्ग शिंपीणबाई घेतात, त्या पहिल्यापासून येणाऱ्या. चांगला घेतात म्हणे.

कानाचं मशीन घेतलंय. खणात आहे. लावलं की भांडी, चप्पल, कागद, सगळं एकदम पत्र्यावर पडल्यासारखं ऐकू येतं.

आणि आत एक आवाज आहे, शिट्टीसारखा, जो कधी थांबत नाही. बाहेरचं सगळं गेलं आणि हा पाहुणा राहिला. आता खरं सांगतो, त्या दिवसापासून मी भ्रामरी केलेली नाही. बसलो की कान झाकायला काही उरलेलंच नाही, आणि माझाच आवाज मला ऐकू येत नाही. नुसती ती शिट्टी. तुला दोन पत्रं लिहिली ती आठवणीतून लिहिली. जेवण सोडलेल्या आचाऱ्यासारखी.

तुझी चाचणी या दिवसांतच असेल, किंवा झालीही असेल. पत्र वेळेत पोचलं नाही तर तो दोष माझा. काहीही झालं असलं तरी लिही. खाली राहिलीस तरी तू माझी टिटवीच आहेस.

मामा

९ जून

प्रिय मामा,

तुमचं पत्र चाचणीनंतर मिळालं. आईने आधी वाचलं. ती उठून तोंड धुऊन आली आणि मग म्हणाली, "दादा लहानपणी माझं रडणं भिंतीपलीकडून ओळखायचा." एवढंच. तुम्हाला ती वेगळं लिहिणार आहे.

चाचणीचं सांगते, कारण त्यात तुमच्या कामाचं काहीतरी आहे.

सकाळी पायथ्याशी, आडोशाला, बोटं कानाशी धरून केलं. बरं वाटलं. लिफ्टने वर गेले. साहेब माझ्यामागच्या खुर्चीवर बसले. खाली पाहिलं. जहाज, कंटेनर, पिवळे ठिपके. आणि मामा, ते आलंच. छाती भरायला लागली. मी ठरवलं होतं तसं आधी उसासा सोडला. मग ओठ मिटले आणि गुणगुणायला लागले. हात दांड्यांवर, त्यामुळे कान उघडे. आणि तेवढ्यात मोटार सुरू झाली.

केबिनमध्ये मोटारचा आवाज इतका असतो की साहेब मागून ओरडले तरी मला इअरफोनमधून ऐकावं लागतं. माझी भ्रामरी त्यात पार बुडून गेली. मला स्वतःला मी काडीचीही ऐकू येत नव्हते. एक क्षण वाटलं, गेलं. ज्याच्या भरवशावर वर आले तेच बंद पडलं.

मग लक्षात आलं की ती आहे. कानात नव्हती. दातांच्या मुळांत होती, नाकाच्या हाडात होती, आणि इथे, गळ्याखाली जिथे दोन हाडं मिळतात त्याच्या खाली, छातीच्या मधल्या फळीत. तिथे अशी बारीक थरथर, मांजर छातीवर बसल्यासारखी. मोटारची थरथर खुर्चीतून वर येत होती, ती खरखरीत, आणि ही वेगळी, मऊ. मी त्या थरथरीकडे लक्ष दिलं, ऐकायचा नाद सोडला. तिसऱ्या श्वासाला बोटं मोकळी झाली. रिकामे कंटेनर उचलले. मग भरलेला. खाली मिशीवाले होते, ते मुद्दाम त्या पाळीला आले होते. कंटेनर बसवल्यावर त्यांनी वर बघून हात केला. मी त्यांचा चेहरा पाहिला, नुसतं हेल्मेट नाही.

काम परत मिळालं. सगळं सोपं झालं असं समजू नका. दुसऱ्याच दिवशी मला अर्ध्या पाळीत खाली यावं लागलं. आले, पाणी प्यायले, पुन्हा गेले. आणि परवा वारा वाढत होता. घंटा अजून वाजली नव्हती, पण खालच्या दोऱ्या ज्या तऱ्हेने हलत होत्या ते मला आवडेना. मी थांबले. मुकादम इअरफोनमध्ये ओरडायला लागला, "जहाज सुटायचंय, कशाला थांबलीस?" पूर्वी मी घाबरले असते, नाहीतर भांडले असते. मी म्हटलं, "खाली माणसं आहेत. वारा बसला की करते." आवाज माझाच होता, पण कुठेही चिरकला नाही. थोड्या वेळाने घंटा वाजलीच. दुसऱ्या दिवशी मुकादमाने मला विचारलं, "ते तू पाठ करतेस ते काय असतं?"

मामा, तुम्ही भ्रामरी सोडलीत, कारण तुम्हाला ती ऐकू येत नाही. वर मलाही आली नाही. जी मला सावरून घेऊन आली ती ऐकू न आलेलीच होती. मी तुम्हाला शिकवायला निघालेय असं समजू नका. मला एवढंच विचारायचंय, एकदा हात छातीवर ठेवून करून बघाल का? आणि ते मशीन खणातून काढा. मला तुमच्याशी फोनवर बोलायचंय, पत्राने हात दुखतो.

टिटवी

२८ जून

चि. टिटवी,

तुझं पत्र वाचून मी आधी रागावलो. म्हटलं, कालची पोर. मग दार लावून बसलो. उजवा तळवा छातीच्या फळीवर ठेवला. पहिल्यांदा नुसती शिट्टीच शिट्टी. मी ती ऐकत बसलो होतो, हीच चूक. मग हाताकडे लक्ष दिलं. हाताखाली माझा मीच सापडलो. जास्त काही लिहीत नाही. बाहेर आलो तेव्हा मामीने चहा पुढे ठेवला आणि खूण केली, डोळे पुसा.

शिट्टी गेलेली नाही. पण ती आता कोपऱ्यात बसते, मध्ये बसत नाही.

त्यानंतर वर्गात गेलो. मागच्या रांगेत बसलो, तुझ्या जागी. शिंपीणबाईंनी पाहिलं, पण पुढे बोलावलं नाही, फार शहाण्या आहेत. शेवटी भ्रामरी आली तेव्हा त्या माझ्याजवळ येऊन कानाशी मोठ्याने म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही तपासा. मला आवाजावरून कळत नाही कोण चुकतंय." मी म्हटलं, मलाही कळत नाही आता. त्या म्हणाल्या, "मग कसं तपासायचं ते तुम्हीच ठरवा."

मी सगळ्यांना विचारलं, पाठीवर हात ठेवला तर चालेल का. हॉलभर माना हलल्या. सगळ्यांनी डोळे मिटले. मी रांगांतून फिरलो आणि दोन खांद्यांच्या मध्ये, एकेकाच्या पाठीला, हाताची मागची बाजू टेकवत गेलो. टिटवी, इतकी वर्षं मी हे कान देऊन शिकवलं आणि मला माहीतच नव्हतं की प्रत्येक पाठ वेगळी वाजते. आजोबांची खोल, मडक्यासारखी. एका तरुण मास्तरणीची वर मानेतच अडकलेली. तिचे खांदे खाली दाबले तर सबंध पाठभर उतरली.

शेवटच्या रांगेत एक बाई होती, औषधाच्या दुकानात बसते ती. महिन्याभरापूर्वीच यायला लागली म्हणे. चेहरा शांत, ओठ मिटलेले, बोटं कानाशी, सगळं बरोबर. हात टेकवला तर पाठीत घुमणं नव्हतंच. नुसते हुंदके होते, आवाज न करता दिलेले. सगळ्या हॉलच्या गुणगुणीत ती रोज येऊन रडत असणार आणि कुणाला पत्ता नाही. माझे कान चांगले होते तेव्हाही मला कळलं नसतं. तिने आवाज केलाच नव्हता.

मी तिच्या शेजारी खाली बसलो, आमचे खांदे टेकतील इतका जवळ, आणि माझी भ्रामरी सुरू केली. हळू. एक झाली, दोन झाल्या. पुढे कधीतरी तिच्या खांद्यात बारीकशी थरथर आली. तुटली, पुन्हा आली. मग तिची आणि माझी एका वेळी सुटायला लागली. बाकीचे कधीच थांबले होते, ते मला नंतर कळलं. या वेळी मला त्याची लाज वाटली नाही.

जाताना ती दारात वळून काहीतरी म्हणाली. मशीन घरी होतं. मी शिंपीणबाईंकडे बघितलं. त्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाल्या, "उद्या लवकर आलं तर चालेल का, विचारतेय."

आज सकाळी मशीन लावून गेलो. चपला, चटया, किल्ल्या, सगळा पत्र्याचा गोंधळ. हॉलचं दार उघडलं तर ती माझ्याआधी येऊन बसली होती, आणि शेजारी एक चटई पसरून ठेवली होती.

मामा

ता. क. रविवारी सकाळी फोन कर. हळू बोल, ओरडू नकोस.